नावांचा करार

हवामानाच्या वार्तापत्रात ‘पश्चिमेचा वारा’ असे म्हटले, की तो पश्चिमेकडून येणारा वारा असतो. नैर्ऋत्य मोसमी वारेही नैर्ऋत्येकडूनच येतात. परंतु समुद्राचा अभ्यासक सागरी प्रवाहाची दिशा सांगतो, ती प्रवाह जिकडे जातो तिकडची. वारा कोठून आला यावरून ओळखावयाचा आणि पाणी कोठे चालले यावरून, असा हा दोन शास्त्रांचा जुना रिवाज आहे. ज्याच्या त्याच्या घरी तो निर्वेध चालतो. पण दोहोंचे आकडे एकाच गणितात घालण्याची वेळ आली आणि त्यांवर नुसते ‘दिशा’ एवढेच लिहिलेले असले, तर १८० अंशांची चूक घडते. ही चूक आकड्याकडे पाहून उमगत नाही, हे तिचे विशेष होय. २२५ हा आकडा दोन्ही अर्थांनी सारखाच निर्दोष दिसतो.

शब्दाचा अर्थ आधी ठरवून घेण्याची ही गरज हवामानशास्त्राला नवी नाही. १८०२ साली लंडन येथे ल्यूक हॉवर्ड या औषधी रसायनांचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थाने ढगांना सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस अशी लॅटिन नावे दिली. लॅटिन ही कोणत्याही देशाची चालू बोली नसल्याने ती नावे अनेक देशांना मानवली. १८७३ साली व्हिएन्ना येथे निरनिराळ्या राष्ट्रांचे हवामानतज्ज्ञ एकत्र आले आणि १८९६ साली मेघांचा आंतरराष्ट्रीय चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला.

पुढे संगणक आला आणि जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. प्रत्येक संस्था आपली गणिती प्रतिकृती चालवू लागली, आपल्या राशींना आपल्या सोयीची आखूड नावे देऊ लागली. एकीच्या टिपणात ‘टी’, दुसरीच्या टिपणात ‘टेम्प’. ‘पृष्ठभागाचे तापमान’ हा सरळ दिसणारा शब्दप्रयोगही दुहेरी निघाला. कोणी त्याने प्रत्यक्ष भूमीचे तापमान सांगे, तर कोणी भूमीपासून दीड-दोन मीटर उंचीवरील हवेचे. वैशाखाच्या दुपारी शेतातून अनवाणी चाललेल्या माणसास या दोहोंतील अंतर समजावून द्यावे लागत नाही; यंत्राला मात्र ते सांगावेच लागते.

या गोंधळावर उपाय म्हणून ‘क्लायमेट अँड फोरकास्ट’ अर्थात ‘सीएफ’ या नावाने ओळखले जाणारे संकेत २००३ साली प्रथम सिद्ध झाले. त्यांना जोडलेल्या नामावलीत प्रत्येक राशीला एक प्रमाणनाव, त्याची व्याख्या आणि एक प्रमाण एकक दिलेले असते. वाऱ्याच्या दिशेला तेथे एक नाव नसून दोन आहेत: ‘विंड फ्रॉम डायरेक्शन’ आणि ‘विंड टू डायरेक्शन’. नाव लांबले, पण संशय संपला. पावसाचेही तसेच. भारतात पाऊस मिलिमीटरांत मोजतात. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी साचले, तर ते सुमारे एक किलोग्रॅम भरते. नामावलीतील ‘प्रेसिपिटेशन फ्लक्स’ ही राशी मात्र दर चौरस मीटरला, दर सेकंदाला किती किलोग्रॅम पाणी पडले ते सांगते. दिवसाचे सेकंद ८६,४००. तेव्हा दिवसाच्या मिलिमीटरांना या संख्येने भागावयास जो विसरला, त्याने पावसाचा प्रलय केलाच म्हणून समजावे.

असा करार करताना प्रत्येकाला आपली काही सवय सोडावी लागते आणि विरोधाचे मूळ तेथेच असते. कच्चा मण आणि पक्का मण यांच्या व्यवहारात वाढलेल्या बाजारपेठांना १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर हाच अनुभव आला. सीएफच्या कर्त्यांनी मात्र एक शहाणपणाची तडजोड केली. संस्थेने टिपणात राशीला आपले नाव खुशाल ठेवावे. प्रमाणनाव तेवढे तिच्याशेजारी नोंदवावे. घरात ज्याला ‘बाळू’ म्हणतात, त्याचे सातबाऱ्यावरचे नाव वेगळे असते आणि दोन्ही नावे आपापल्या जागी सुखाने नांदतात. नवे नाव हवे असल्यास प्रस्ताव येतो, व्याख्येचा कीस निघतो आणि सहमती झाल्यावर ते नामावलीत दाखल होते. एखादे नाव बदलले, तरी जुने पुसून टाकीत नाहीत. पर्यायी नाव म्हणून ते राखले जाते, कारण जुन्या टिपणांचा अर्थ नाहीसा होऊन चालत नाही.

हा खटाटोप केवळ विद्वानांच्या समाधानासाठी नव्हे. जगातील अनेक प्रतिकृतींची निष्पत्ती आज शेजारी शेजारी ठेवून तपासली जाते. त्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या सहाव्या फेरीत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची प्रतिकृतीही होती. मोसमी पाऊस पुढे वाढेल की घटेल, याविषयी त्या एकमेकींशी सहमत नसल्या, तर तो मतभेद निसर्गाच्या गूढतेमुळे असावा. शब्दांच्या ढिलाईमुळे नसावा. धरणाची उंची आणि कोरडवाहू शेतकऱ्याची पेरणी ज्या अनुमानांशी बांधलेली असते, त्यांत एवढी सावधगिरी अवाजवी म्हणता येणार नाही. आकडे टिपणारा माणूस आपल्या पश्चात उत्तरे द्यावयास उरत नाही. त्याने आज लिहिलेले नावच पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकाला त्याच्या वतीने उत्तर देणार असते.