किल्टखालचे मोजे

आमच्या गटातल्या एका ताईंचे होणारे जावई स्कॉटलंडचे. तिथे लग्नात पुरुष किल्ट घालतात. किल्ट म्हणजे गुडघ्यापर्यंतचं, मागे चुण्या घातलेलं, चौकडीच्या लोकरी कापडाचं वस्त्र. त्याखालचे लांब मोजे आपणच विणू, असं आम्ही ठरवलं.

पहिली जोडी चुकली. टाचेपासून गुडघ्याखालपर्यंत मोजलं आणि तेवढंच विणलं. पण हे मोजे वरून चार बोटं खाली दुमडतात. दुमडल्यावर ते पोटरीवर आले! लग्नाला पंधरा दिवस, सगळं उसवलं.

आता ऐका. दुमडल्यावर मोजा गुडघ्याच्या वाटीखाली दोन-तीन बोटं राहायला हवा. दुमडीसाठी लांबी जास्त धरा. पोटरी जिथे सर्वांत जाड, तिथला घेर मोजा. दुमडीखाली पट्टा बांधतात, म्हणजे मोजा घसरत नाही.

रंग? लग्नात पांढरट मोजे पुष्कळ दिसतात. आम्ही मात्र साडीच्या काठावरून पोलकं निवडतो तसं केलं. चौकडीतली बारीक हिरवी रेघ पाहून तशीच लोकर घेतली.

मोजे वेळेत पोहोचले. पण आठ संध्याकाळी दुप्पट मेहनत झाली. म्हणून सांगतो, सुई हातात घेण्याआधी नीट विचारा आणि माप लिहून घ्या.