धंदा केव्हा वाढवावा?

(करंजा येथे भरलेल्या ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



नवा धंदा काढणाऱ्या आपल्या तरुणांपुढे चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही कोणी मोठे कारखानदार नव्हे. धंद्यात एकदा सपशेल बुडालो आणि पुन्हा कसेबसे काठाला लागलो, एवढाच आमचा अधिकार. तेव्हा बोलण्यात काही उणेअधिक झाल्यास आपण सांभाळून घ्याल, अशी आशा आहे.

प्रथम आपल्या भांडवलाविषयी बोलू. या तालुक्यातील पुष्कळ घरांत जो पैसा आज धंद्यात पडतो आहे, तो जमिनीच्या मोबदल्याचा किंवा साडेबारा टक्के भूखंडाचा आहे. त्या भूखंडामागे १९८४ सालच्या जानेवारीतील शेतकरी आंदोलन आणि त्यात पडलेले पाच बळी उभे आहेत. पुढे १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणच्या रेल्वेचेही उद्घाटन झाले. संधी दारात आली, हे खरे. परंतु पूर्वी धंदा बसला तर माणूस शेतावर परत जात असे. आता परत जावयास शेत उरलेले नाही. म्हणून आपल्या मुलाने चुकीच्या वेळी धंदा वाढविला, तर एका पिढीचे नव्हे, दोन पिढ्यांचे नुकसान होते.

आमचीच हकीकत सांगतो. करंजाच्या बंदरावरून बर्फात भरलेली मासळी मुंबईच्या बाजारात पोहोचविण्यासाठी आमचे दोन टेंपो होते. धंदा लहान, पण रोख होता. अशात एका मोठ्या खरेदीदाराने रोजच्या मालाची हमी दिली आणि आम्हांस आकाश ठेंगणे झाले. मातोश्रींच्या बांगड्या गहाण ठेवून व उरलेले कर्ज काढून आम्ही आणखी चार गाड्या घेतल्या. मातोश्रींनी एकच प्रश्न विचारला, "पावसाळ्यात गाड्या काय वाहणार?" आम्ही तो हसण्यावारी नेला.

१ जून उजाडला. आपल्या राज्यात ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, हे आम्हांस ठाऊक नव्हते काय? जन्मापासून ठाऊक होते! पण हिशेब मांडताना आम्ही बारा महिन्यांचे उत्पन्न धरले आणि दहाच महिन्यांचा धंदा केला. हप्ता मात्र बाराही महिने चालला. त्यात एप्रिल-मेची बिले खरेदीदाराकडे अडकून पडली. वहीत नफा दिसत होता, आणि पेटीत चालकांच्या पगारापुरताही पैसा नव्हता. नारळी पौर्णिमेस सारे गाव नारळ घेऊन किनाऱ्याकडे निघाले, तेव्हा आम्ही गाड्यांस गिऱ्हाईक शोधत होतो. चारही गाड्या विकून आम्ही पुन्हा दोनांवर आलो. राहिलेले कर्ज फेडण्यास तीन वर्षे लागली. बांगड्या सुटल्या, पण त्या पुन्हा हातात घालण्यास मातोश्री राहिल्या नव्हत्या.

यावरून कोणी असे समजू नये की, धंदा वाढवूच नये. महाराष्ट्रातील थोर उद्योजकांची उदाहरणे पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानाने आरंभ केला. पुढे ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे व लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी त्या वेळच्या शेतकऱ्यांची समजूत होती. तरीही त्यांनी तो नांगर सोडला नाही. पुढे नगरपालिकेला जागा हवी म्हणून बेळगाव सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल स्टेशननजीक माळरान दिले आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. धंद्याची मर्यादित कंपनी मात्र त्यांनी १९२० साली केली. म्हणजे माल आधी सिद्ध झाला, त्याला गिऱ्हाईक नंतर मिळाले आणि बाहेरचे भागभांडवल त्याहूनही मागून आले. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. शिवाय त्यांना मिळालेल्या पैशावर व्याज नव्हते. उगवण्यास वेळ लागणाऱ्या कामाला धीर धरणारा पैसा लागतो. महिन्याच्या महिन्यास दार ठोठावणारा पैसा तेथे चालत नाही.

दुसरे उदाहरण आमच्या भगिनींसाठी. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. तीच पुढे लिज्जत पापडाची संस्था झाली. तिने वाढताना मोठे यंत्र आणले नाही. पीठ एके ठिकाणी मळावे, लाट्या घरोघरी न्याव्यात, पापड तपासून परत घ्यावेत आणि लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची भागीदार असावी, ही पद्धत तिने ठेवली. मागणी वाढली की हात वाढत. इमारतीचे आणि यंत्राचे ओझे त्या प्रमाणात वाढत नसे. वाढीचा मार्ग एकच असतो, ही समजूत या संस्थेने खोटी ठरविली.

तेव्हा गाडी, गाळा अगर यंत्र घेण्यापूर्वी तरुणांनी चार प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरे घरातील वडीलधाऱ्यांस वाचून दाखवावीत. सर्वांत मोठे गिऱ्हाईक उद्या तुटले, तर धंदा उभा राहील काय? उत्पन्नाचे दोन महिने कोरडे गेले, तर हप्ता कोठून भरणार? मालक आठ दिवस आजारी पडला, तर काम कोण पाहील? आणि भागीदार घेतला, तर मतभेदाच्या वेळी शेवटचा शब्द कोणाचा? चौथ्याचे उत्तर भागीदार सख्खा भाऊ असला तरी लेखी असावे. लेखी कराराने प्रेम आटत नाही. न लिहिलेल्या कराराने मात्र घरे फुटलेली आम्ही पाहिली आहेत.

एक व्यवहाराची गोष्ट. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे, करार काहीही असला तरी, नोंदणी झालेल्या लहान उद्योगाचे बिल खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत चुकविले पाहिजे. न चुकविल्यास त्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. आम्ही ही नोंदणी केलेली नव्हती. आपण ती करा. ती आता घरबसल्या आणि विनामूल्य होते.

ज्ञातिसंस्थेस आमची एक विनंती आहे. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आपण दरवर्षी करतो, तो योग्यच आहे. त्याचबरोबर धंद्यात ठेच खाल्लेल्यांनी नव्यांस हिशेब समजावून सांगावा, अशी एक बैठक दरवर्षी पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर असताना, भरवावी. यश सांगणारे पुष्कळ मिळतात. आपला तोटा आकड्यांनिशी सांगणारे पाच जण जरी पुढे आले, तरी दहा घरे वाचतील. पहिले नाव आमचे लिहून घ्यावे.

मातोश्रींच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या दिवशी दिले असते, तर आज येथे उभे राहण्याचे कारण पडले नसते. आपल्या घरात असा प्रश्न कोणी विचारला, तर तो हसण्यावारी नेऊ नका.