आपल्या बोलीतला मनाचा डॉक्टर
(मंडळाच्या वर्धापनदिनी उमरेड येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोला, असा अध्यक्षाबाईंचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझ्यापाशी विद्वत्ता नाही. परंतु एक गोष्ट पुष्कळ वर्षे मनात दाबून ठेवली आहे. ती आज आपल्यापुढे मांडावी असे ठरवले.

माझी धाकटी जाऊ पहिल्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी बदलली. तिची झोप गेली. बाळाला जवळ घेईना. ‘हे माझं लेकरू नव्हे’ म्हणू लागली. घरातली वडीलधारी माणसे म्हणाली, बाहेरची बाधा आहे. मग लिंबू झाले, मिरच्या झाल्या, देवऋषी झाला. यात तीन आठवडे गेले. यात दोष एकट्या कुणाचा नव्हता. मीही त्या घरात होते आणि मीही गप्प राहिले.

शेवटी पहाटेच्या बसने तिला नागपुरास नेले. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी पुस्तकी मराठीत विचारले, ‘आपणास भास होतात का? उदास वाटते का?’ जाऊबाईंनी मान हलवून नाही म्हटले. एवढ्यात भिवापूरकडची एक आया तिथे आली. तिने जवळ बसून सहज विचारले, ‘बाई, कसं वाटून राह्यलं वं?’ तेव्हा जाऊबाईंना रडू कोसळले. ‘जीव उडून गेल्यासारखा होते. लेकराकडे पाह्यलं का भेव वाटते,’ म्हणाली आणि मग अर्धा तास बोलत राहिली. डॉक्टरांना निदान तिथेच मिळाले. औषध लागू पडले. ते लेकरू आज कॉलेजात शिकते आहे.

हजार बाळंतिणींत एकदोघींना असा तीव्र आजार होतो आणि तो उपचाराने बरा होतो, हे मला पुढे कळले. औषध नागपुरात होते, डॉक्टरही होते. परंतु दाराची किल्ली त्या आयेच्या बोलीत होती. ती बोली जाणणारा माणूसच डॉक्टर का असू नये, हा माझा आजचा प्रश्न आहे.

नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे आहे. आपल्या आजीपणजीच्या काळापासून तिकडच्या रस्त्याचे नाव निघाले की लोक हळू आवाजात बोलत. २०१५-१६ साली देशभर मानसिक आरोग्याची मोठी पाहणी झाली. तिच्यात दर शंभर प्रौढांत सुमारे दहा-अकरा जणांना कसला ना कसला मनाचा आजार आढळला. त्यांपैकी बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. आणि मनोविकारतज्ज्ञ किती? लाख लोकांमागे एकही पुरता नाही. जे आहेत तेही बहुतेक शहरांत. मग कुही, भिवापूर, नागभीड इथल्या बाईने कुणाकडे जावे? गडचिरोलीच्या जंगलातल्या माडिया बाईने तर काय करावे? २०११ च्या शिरगणतीत गोंडी बोलणारे देशात सुमारे तीस लाख निघाले. आपले दुःख आपल्या भाषेत समजणारा मनोविकारतज्ज्ञ त्यांतल्या किती जणांच्या वाट्याला येत असेल?

हे अशक्य नाही. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ साली उभे राहिले ते खेड्याचा विचार मनात धरूनच. दूरच्या ऑस्ट्रेलियात हेलन मिलरॉय या आदिवासी बाई १९८३ साली डॉक्टर झाल्या. तिथल्या आदिवासींतल्या त्या पहिल्या डॉक्टर, आणि पुढे मुलांच्या मनोविकारांच्या तज्ज्ञही झाल्या.

आपल्याकडे वाट आता थोडी रुंद झाली आहे. सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी राज्यांना पदव्युत्तर शिक्षणात जागा राखता येतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. महाराष्ट्राने २०२२ साली अशा वीस टक्के जागा ठेवण्याचा निर्णय घेतला. वाट कागदावर आहे. चालणाऱ्याला शिदोरी मात्र घरातून लागते.

आता मुद्द्यावर येते. आपल्याच भागातली गोंड समाजाची एक सून एका प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. तिच्या परवानगीने, नाव न घेता सांगते. तिला मनोविकारांचे शिक्षण घ्यायचे आहे. प्रवेशपरीक्षा, मग तीन वर्षांचा अभ्यास. पुढे विद्यावेतन मिळते; अडचण पैशांपेक्षा वेगळी आहे. घरात दोन वर्षांचे मूल आहे. दिवसभर रुग्ण, रात्री पाहुणे, पुस्तक उघडायला कोपरा नाही. सासूबाई म्हणतात, ‘बाळंतपणाची डॉक्टर हो, शाहण्यांची हो, वेड्यांची कशाला?’

मी तिला म्हटले, ‘तू आपल्यातली, लोक तुझ्यापाशी मन मोकळे करतील.’ तर ती म्हणाली, ‘काकू, आपल्यातली म्हणूनच लपतीलही. माझ्या दारात कोण आलं ते संध्याकाळपर्यंत गावभर होईल.’ भगिनींनो, या उत्तराने मी निरुत्तर झाले. आणखी एक ती म्हणाली, ‘शहरातला डॉक्टर घरी गेला की सुटतो. मी लग्नात जेवायला बसले तरी कुणी तरी शेजारी बसून आपलं दुःख सांगणार. ते सगळं ऐकून मी कुठं जायचं?’

म्हणून केवळ हारतुरे देऊन भागणार नाही. मी मंडळापुढे चार मागण्या ठेवते. पहिली, मंडळाची मागची खोली परीक्षा होईपर्यंत रोज संध्याकाळी तिला अभ्यासासाठी द्यावी, आणि आपण पाळीपाळीने तिचे मूल सांभाळावे. दुसरी, आपल्यातल्या वयस्क दोघीतिघींनी तिच्या सासूबाईंकडे जाऊन बसावे. उपदेश करायला नको. चहा घ्यावा आणि आपल्या घरातले खरे सांगावे. माझ्या जावेची गोष्ट सांगायला मी येते, तिने तशी मोकळीक दिली आहे. तिसरी, ‘वेड्यांचा डॉक्टर’ हा शब्द आपल्या तोंडून आजपासून जावा, आणि कुणाच्या दारात कोण बसले होते ही चौकशीही जावी. चौथी, ती शिकून परत आली की तिचा रविवार तिचा राहू द्यावा, आणि तिचे ऐकायलाही कुणी तरी असावे.

तोवर ज्यांना आजच गरज आहे त्यांच्यासाठी एक सांगते. ‘टेलि-मानस’ म्हणून सरकारी दूरध्वनी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येते. स्वयंपाकघरात दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. आणि बाळंतीण झोपेनाशी झाली, बाळाला परके म्हणू लागली, तर एक दिवसही वाया घालवू नका. थेट डॉक्टरकडे न्या.

माझ्या जाऊबाई आज इथेच तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. हे भाषण लिहून झाल्यावर मी त्यांना वाचून दाखवले. त्या एवढेच म्हणाल्या, ‘तीन आठवडे गेले हे नक्की सांगा.’ ते सांगितले. दुसऱ्या कुणा घरचे तीन आठवडे वाचावेत, एवढ्यासाठी खोलीच्या किल्लीचा ठराव आजच्या सभेत व्हावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.