आजारी रजा, पगार आणि कामावर परतण्याचा हक्क

(तीर्थपुरी येथे शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर सहसा निकालाची टक्केवारी, इमारत निधी आणि मुलींचे शिक्षण हे विषय असतात. आजचा विषय त्या मानाने कोरडा वाटेल. परंतु ज्या घरातला कमावता माणूस सहा महिने अंथरुणाला खिळतो, त्या घरातली मुलगी प्रथम शाळेतून निघते, हे आपणांपैकी कोणत्याही वर्गशिक्षकास हजेरीपटावरून सांगता येईल. तेव्हा हा विषय शाळेबाहेरचा नाही.

आपल्या भागात आजारपण आणि मजुरी यांचा हिशेब फार जुना आहे. पाडव्याला सालगडी ठरतो तेव्हा धान्य किती, कपडे किती, हे ठरते. आणि वर्षात जितके दिवस तो आजारी पडला तितके खाडे त्याने भरून द्यायचे, हेही न बोलता ठरलेले असते. ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याचे तर विचारूच नका. नवरा-बायकोच्या जोडीने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दोघांपैकी एक जण तापाने फणफणला तरी खाडा पडतो, आणि तो उचलीवर चढतो. म्हणजे आजारी माणसाला पगार मिळणे दूरच, आजारी पडल्याबद्दल त्यानेच पैसे द्यायचे. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. दुखणे परवडत नाही म्हणून अवयवच काढून टाकावा, या थराला गोष्ट का जाते, याचे निदान खाड्याच्या दंडात बरेचसे सापडते.

याच्या उलट टोकाला एक व्यवस्था आहे, ती म्हणजे कामगार राज्य विमा. १९४८ च्या कायद्याने ती सुरू झाली. आता तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार या योजनेत येतो. त्याच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी जाते. ठरलेल्या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली म्हणजे आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळते. आता क्षयरोगाचा उपचार धरा. साधा क्षय असला तरी औषध किमान सहा महिने चालते. ९१ दिवस संपले, औषध निम्म्यावर, मग काय? त्यासाठी वाढीव आजार लाभ आहे. क्षय, कुष्ठरोग, कर्करोग, अर्धांगवायू अशा ३४ दीर्घ आजारांच्या यादीतला रोग असेल आणि दोन वर्षांची सलग नोकरी व पुरेशी वर्गणी असेल, तर ८० टक्के दराने सर्व मिळून दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. ही दुसरी पायरी कित्येक कामगारांना ठाऊकच नसते. ९१ दिवस संपले की ते अर्ध्या औषधावर कामावर येतात, आणि रोग पुन्हा उलटतो. (क्षयरुग्णास पोषणासाठी मिळणारी निक्षय योजनेची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये झाली आहे, ती नोकरीवर अवलंबून नाही. तेवढे तरी प्रत्येकाने घ्यावे.)

आता तीर्थपुरीकरांनी नीट ऐकावे असा मुद्दा. ही विमा योजना हंगामी कारखान्यांना लागू नाही. हंगामी कारखाने कोणते, हे १९४८ च्या कायद्यानेच सांगून ठेवले होते. त्या यादीत सरकी काढणे, कापूस दाबणे आणि साखर व गूळ तयार करणे ही कामे आहेत. म्हणजे आपल्या घनसावंगी-अंबड भागात ज्या दोन धंद्यांवर माणसे जगतात, साखर कारखाना आणि जिनिंग, नेमके तेच दोन धंदे बाहेर! जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात जाणारा तरुण आत येऊ शकतो, आणि त्याचा भाऊ इथे गव्हाणीवर किंवा जिनिंगमध्ये राबतो, तो बाहेर. अशा कामगाराची भिस्त कारखान्याच्या स्वतःच्या रजा-नियमांवर आणि युनियनने केलेल्या वेतन करारावर. तो करार आपल्या घरात कोणी वाचला आहे काय? शिकलेल्या मुलाने एक रविवार खर्च करून बापाला तो वाचून दाखवावा.

आता आपल्या स्वतःच्या घराकडे वळू. संस्था ही शाळा चालवते, त्याचबरोबर ती मालकही असते, हे आपण व्यासपीठावर क्वचित बोलतो. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे. कायम कर्मचाऱ्यास पूर्ण झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षाला २० दिवस अर्धपगारी रजा जमा होते. वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, मात्र एका दिवसासाठी खात्यातून दोन दिवस वजा होतात. पंधरा वर्षे सेवा झालेल्या आणि रजा न वापरलेल्या शिक्षकाकडे अशी ३०० दिवसांची शिल्लक असू शकते, आणि तरी तो आजारपणात बिनपगारी रजेचा अर्ज देऊन बसतो, कारण रजेचा हिशेब सेवापुस्तकात चढवलेलाच नसतो. यात दोष कर्मचाऱ्याचा थोडा आणि कार्यालयाचा जास्त आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

“आम्ही अल्पसंख्याक संस्था, आम्हांला हे नियम कुठे?” असा एक युक्तिवाद कानावर येतो. १९८६ साली फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलच्या कर्मचारी संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या युक्तिवादाची वाट बंद केली. शिक्षकांचा पगार आणि सेवाशर्ती न्याय्य ठेवणाऱ्या तरतुदींमुळे संस्था चालवण्याच्या अल्पसंख्याकांच्या हक्काला बाध येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. आपला घटनादत्त हक्क मोलाचा आहे. तो आजारी शिपायाविरुद्ध ढाल म्हणून वापरू नये.

रजा हा अर्धा प्रश्न. खरा पेच परतताना पडतो. बरा झालेला माणूस दारात येतो, आणि त्याला सांगितले जाते की “तुमच्या जागेवर दुसरा घेतला,” किंवा “तुम्ही न सांगता गैरहजर होता, आपोआप नोकरी गेली.” आपोआप नोकरी जात नाही. १९९३ साली डी. के. यादव या कामगाराच्या खटल्यात हेच घडले होते. आठ दिवसांपेक्षा अधिक गैरहजर म्हणून, कारखान्याच्या स्थायी आदेशांचा आधार घेऊन, त्याचे नाव कमी करण्यात आले. माणसाची उपजीविका काढून घेण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने त्याला निम्म्या मागील पगारासह परत घ्यायला लावले. २०१२ च्या कृष्णकांत परमार खटल्यात आणखी पुढची गोष्ट आली. गैरहजेरी हेतुपुरस्सर होती, हे सिद्ध झाल्याखेरीज ती गैरवर्तन ठरत नाही. आजार, अपघात, रुग्णालयात असणे ही कारणे माणसाच्या हातातली नसतात.

आणि पूर्वीचे काम करता येण्यासारखे उरलेच नसेल तर? चालकाची दृष्टी गेली, शिपायाचा पाय गेला, शिक्षिकेचा घशाच्या शस्त्रक्रियेने आवाज गेला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात सततच्या अनारोग्यामुळे केलेली सेवासमाप्ती ही कपात धरली जात नसे, म्हणून कपातीची भरपाईही मिळत नसे. १९९१ साली राजस्थानच्या बसचालकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा हा अर्थ मान्य केला, पण रस्त्यावर डोळे झिजवलेल्या माणसांना रिकाम्या हाताने घालवणे अन्याय्य आहे असे म्हणून, त्यांना दुसरे काम द्यावे, नाहीतर झालेल्या सेवेच्या प्रमाणात वाढती भरपाई द्यावी असा आदेश दिला.

त्यानंतर १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा आला आणि त्याची जागा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने घेतली. त्याचे कलम २०, उपकलम ४ प्रत्येक संस्थाचालकाने वाचावे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले तर कर्मचाऱ्यास काढता येत नाही, खालच्या पदावर उतरवता येत नाही. पूर्वीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच सवलतींसह दुसऱ्या पदावर घ्यायचे. तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य पदावर ठेवायचे. हे ‘शासकीय आस्थापने’ला लागू आहे, आणि त्या शब्दाच्या व्याख्येत शासनाचे अनुदान घेणारी संस्थाही येते. अनुदानित शाळेच्या चालकांनी “हे सरकारी नोकरांपुरते आहे” अशी समजूत करून घेऊ नये.

या संदर्भात भगवान दास यांची हकिगत सांगितल्यावाचून राहवत नाही. पंजाबच्या वीज मंडळातले ते सहाय्यक लाइनमन. १९९४ मध्ये त्यांची दृष्टी पूर्ण गेली. घाबरून त्यांनी स्वतःच पत्र लिहिले की मला निवृत्त करा आणि माझ्या पत्नीला नोकरी द्या. मंडळाने पत्राचा पहिला भाग तत्परतेने मान्य केला! २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती निवृत्ती रद्द ठरवली. आपल्याला कायद्याचे संरक्षण आहे हे त्या गरीब माणसास माहीत नव्हते. ते त्याला सांगणे अधिकाऱ्यांचे काम होते, त्याच्या अज्ञानाचा फायदा घेणे नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. वाचकहो, आजारपणाच्या भीतीत लिहून दिलेले राजीनामे आपल्याकडे किती असतील! तापात, दवाखान्याच्या खाटेवर कोणी कागद पुढे केला तर सही करू नका. घरच्यांनीही करू देऊ नये.

रोगाच्या नावाला भिऊन माणूस दूर करण्याचा प्रकार वेगळा. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका एचआयव्हीबाधित हंगामी कामगाराच्या बाजूने निकाल देताना एकच कसोटी लावली: तो आज काम करू शकतो का? इतरांना खरा धोका आहे का? २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने ती कसोटी सर्वांसाठी लेखी करून ठेवली. बऱ्या झालेल्या क्षयरुग्णास शिक्षकांच्या खोलीत वेगळा ग्लास देणाऱ्यांनीही तीच स्वतःला लावून पाहावी.

जगात काही देशांत याहून पुढची व्यवस्था आहे. नेदरलँड्समध्ये आजारी कामगारास मालक दोन वर्षांपर्यंत निदान ७० टक्के पगार देतो, आणि दोघांनी मिळून परतीची योजना लेखी तयार करावी लागते. जर्मनीत आधी दिवसाला दोन-चार तास, मग हळूहळू पूर्ण वेळ, असे कामावर येता येते. तोवर आजारभत्ता चालू राहतो. आपल्याकडे अशा टप्प्याटप्प्याच्या परतीचा सर्वसाधारण हक्क नाही. इथे माणूस एक तर ‘अनफिट’, नाहीतर दुसऱ्या दिवशी आठ तासिका. पण वेळापत्रक मुख्याध्यापकाच्या हातात असते. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर आलेल्या शिक्षकाला पहिले दोन महिने तळमजल्यावरचे वर्ग आणि तासिकांमध्ये थोडी विश्रांती देण्यास शासनाची परवानगी लागत नाही.

कर्मचाऱ्यांनी काय करावे, ते थोडक्यात. रजेचा अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. स्वतः जाता येत नसेल तर घरच्याने नोंदणीकृत टपालाने पाठवावा. मुदतवाढ मुदत संपण्यापूर्वी मागावी. रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला न्यावा, आणि रुजू करून घेतले नाही तर त्याच दिवशी रुजू अहवाल टपालाने पाठवून पावती जपावी. शाळेने सेवा समाप्त केली तर १९७७ च्या अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्याची मुदत आदेश हाती पडल्यापासून केवळ ३० दिवस आहे. “सेक्रेटरी साहेबांशी बोलणे चालू आहे” म्हणत ते दिवस घालवू नका. बोलणे चालू ठेवा, अपीलही दाखल करा.

विनाअनुदानित तुकडीवर तुटपुंज्या मानधनावर शिकवणाऱ्या तरुणांबद्दल शेवटी बोलतो. मान्यताप्राप्त शाळेत रीतसर नेमणूक असेल तर त्यांनाही १९७७ चा अधिनियम लागू आहे. पण हातात नेमणूकपत्र नसेल तर ते कशाच्या आधारावर दाद मागणार? संस्थेच्या सभासदांना माझी विनंती आहे की येत्या सर्वसाधारण सभेपुढे दोन विषय ठेवावेत: प्रत्येकाला लेखी नेमणूकपत्र, आणि कार्यालयात प्रत्येकाचा अद्ययावत रजा-हिशेब. दुसऱ्या विषयाला पैसाही लागत नाही; एक रजिस्टर आणि लिपिकाची चार दुपार लागतील.