पुंजसंगणक : संख्या आणि जोडणी



खामगावहून आगगाडीने शेगावला जावयाचे तर जळंबला गाडी बदलावी लागते, हे आपणांस मी सांगावयास नको. गाडीत बसल्यावर सामान सहसा हरवत नाही. हरवते ते बदलताना. पुंजसंगणक मोठा करणे अवघड का, याचे निम्मे उत्तर या जळंबात आहे.

या यंत्राचा मूळ घटक क्यूबिट. साधा बिट शून्य तरी असतो, नाही तर एक. क्यूबिट दोहोंच्या संमिश्र अवस्थेत राहू शकतो, आणि ही अवस्था मोठी नाजूक. चकतीवर कोरलेले अतिवाहक क्यूबिट बहुधा तीन-चार शेजाऱ्यांशीच जोडलेले असतात. दूरच्याशी व्यवहार करावयाचा तर अवस्था शेजाऱ्या-शेजाऱ्यांतून सरकवावी लागते, आणि अशा एका अदलाबदलीस सामान्यतः तीन क्रिया पडतात. शंभरांत एक क्रिया चुकते असे धरा. चार अदलाबदली म्हणजे बारा क्रिया. गणित करून पाहा, शंभरांतील अकरा प्रवासी वाटेतच गेले! मग क्यूबिट शंभर असले काय नि हजार असले काय?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत यावर निघालेला उपाय मला फार सुटसुटीत वाटतो. क्यूबिट जाळीत न मांडता एका अनुनादी वलयाच्या परिघावर मांडावयाचे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या रचनेत बारा क्यूबिटांपैकी प्रत्येकास नऊ जणांशी थेट जोडता येते. ऑगस्ट २०२४ मध्ये डीआरडीओची पुण्याची प्रयोगशाळा व ही संस्था यांनी सहा क्यूबिटांच्या प्रोसेसरची संपूर्ण चाचणी पुरी केली, त्यातही हीच वलयरचना. सहा हा आकडा ऐकून कोणी हसेल. मी हसणार नाही. मात्र हजार क्यूबिट एका वलयावर बसावयाचे नाहीत. वलयास वलय जोडावे लागेल, आणि तेथे पुन्हा जळंब आलेच.

एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेस ६००३.६५ कोटी रुपये आहेत आणि आठ वर्षांत ५० ते १००० क्यूबिटांचे उद्दिष्ट आहे. वृत्तपत्रे 'किती झाले?' एवढेच विचारतील. आपण 'प्रत्येकास थेट शेजारी किती?' हेही विचारावे. आयबीएमच्या संशोधकांनी २०२४ साली गणिताने दाखविले की, बारा क्यूबिटांइतकी माहिती चुकांपासून राखण्यास नेहमीच्या चौकटीच्या जाळीत सुमारे ३००० क्यूबिट लागतील. प्रत्येकास सहा शेजारी दिले, त्यांत काही दूरचे, तर २८८ पुरतात.