मांजरीची सात घरे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विषयांवर बोलणी झाली आहेत. त्यामुळे माझा विषय ऐकून चिटणीसबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. "मांजराची पिल्ले?" मी म्हटले, "हो. ती कशी द्यावीत आणि कोणाला देऊ नयेत." त्या हसल्या, पण दहा मिनिटे दिली. तेवढी मला पुरेत.

मांजरी आपल्या पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सातच की नाही, हे मी मोजलेले नाही. पण फिरवते खरी. माळ्यावर वर्दळ फार, कपाटामागे ओल फार, असे तिचे काहीतरी बिनसते आणि ती एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे नेते. जागेची खात्री पटल्यावाचून ती पिल्लू खाली ठेवत नाही. आणि मी एकही घर न पाहता पिल्लू देऊन मोकळी झाले होते! ती गोष्ट आधी सांगते.

२००९ साली आमची मनी गोधड्यांच्या ट्रंकेमागे व्याली. चार पिल्ले. महिनाभर कौतुक झाले, मग पडदे फाटू लागले आणि कौतुक आटले. ओळखीतल्या एक बाई आल्या, "उंदीर फार झालेत, एक द्या," म्हणाल्या. मी पांढरे पिल्लू उचलले, कापडी पिशवीत घातले आणि "सांभाळा हं" एवढेच म्हटले. पिल्लू जेमतेम पाच आठवड्यांचे होते. आठ दिवसांनी त्या बाजारात भेटल्या. मी हसत विचारले, "काय म्हणतंय आमचं बाळ?" त्यांनी मान खाली घातली. पहिल्याच रात्री पिल्लू सारखे ओरडू लागले, म्हणून त्यांनी त्याला गॅलरीत ठेवून दार लावले होते. गॅलरी तिसऱ्या मजल्यावरची. गजांमधून ते सकाळपर्यंत खाली गेले होते.

मांजर कुठूनही पडले तरी चार पायांवर उतरते, असे त्यांना वाटत होते. मलाही तसेच वाटत होते. त्यांना दोष कसा देऊ? मी त्यांना काही सांगितलेच नव्हते, काही विचारलेही नव्हते. "घर कसे आहे?" असे विचारले तर त्यांना काय वाटेल, ही माझी भीड! भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्या भिडेने एक जीव घेतला.

तेव्हापासून मी दोन तयाऱ्या करते. एक पिल्लाची, दुसरी माणसांची.

पिल्लाची तयारी सोपी आहे. आठ आठवडे पुरे होईपर्यंत ते आईपासून तोडायचे नाही. अंगावरचे दूध सुटते, चावायचे किती आणि नखे काढायची कधी हे आईभावंडांत राहूनच कळते. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात त्याला माणसांची सवय लागते. म्हणून त्या दिवसांत घरातल्या सगळ्यांनी त्याला रोज थोडा वेळ हळुवार हाताळावे. कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची घंटा हे सारे त्याच्या कानांवरून जाऊ द्यावे. उथळ पसरट भांड्यात वाळू घालून ठेवली की आईचे पाहून ते तिथेच जाऊ लागते. जंताचे औषध डॉक्टरांना विचारून द्यावे. आठव्या आठवड्याच्या सुमारास पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी दुसरी, आणि तीन महिन्यांचे झाले की रेबीजची. जायची टोपली आठवडाभर आधीच उघडी ठेवावी. पिल्लू आपण होऊन तिच्यात झोपू लागले की प्रवासाचे भय निम्मे सरते.

माणसांची तयारी मात्र अवघड. आता मी पिल्लाआधी स्वतः त्या घरी जाते, चहा घेते आणि विचारते. खिडक्यांना जाळी आहे का? शिवणाची सुई-दोरा कुठे असतो? दोरा गिळला तर आतडी कापतात. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या कुठे पडलेल्या नाहीत ना? आणि पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे, हे तर मी कागदावर लिहूनच देते.

पहिले काही दिवस पिल्लाला सारे घर दाखवू नये. एकच खोली, तिथे लपायला आडवे खोके, आईच्या अंगाखालचे फडके, जुन्या भांड्यातली मूठभर वाळू आणि इथलेच खाणे. पहिल्या रात्री ते रडणारच. त्याला बाहेर काढू नका, जवळ झोपा.

खाण्यावरून एक आजी आठवतात. म्हणाल्या, "आमच्याकडे वशाट चालत नाही. दूधभातावर राहील." मी भीतभीतच सांगितले की गाई-म्हशीचे दूध पुष्कळ मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. शिवाय टॉरिन नावाचे द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, ते मांसमासळीतूनच मिळते. ते न मिळाल्यास डोळे जातात हे १९७५ साली आणि हृदय दुबळे होते हे १९८७ साली संशोधकांनी दाखवून दिले. आजी बराच वेळ गप्प बसल्या. मला वाटले, रागावल्या. मग म्हणाल्या, "ते दुकानातले दाणे सुनेने घातले तर चालतील का? माझा हात लागायला नको." चालतील म्हटले! आज ते मांजर त्यांच्याच पायाशी झोपते. न विचारता दिले असते, तर ते आंधळे झाले असते आणि आजींना वाटले असते, त्याचे नशीब.

शेवटचे दोन शब्द मी प्रत्येकाकडून घेते. पहिला, पिल्लू पाच-सहा महिन्यांचे होण्याआधी शस्त्रक्रिया करून घेऊ. मांजरी चार महिन्यांचीसुद्धा गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. मनीची शस्त्रक्रिया मी केव्हाच करून घेतली. तरी आमच्याकडची पिल्ले संपली नाहीत, कारण आता लोक खोकी आणून आमच्याच दारात ठेवतात! दुसरा शब्द असा, की नाही जमले तर परत आणू, वाटेत कुठे सोडणार नाही. लेकीला सासरी पाठवताना माहेरचे दार आपण लावून घेत नाही, तेवढेच.

या प्रश्नांनी काहींना राग येतो, काही रिकाम्या हातांनी परत जातात. जाऊ देत. ज्यांना विचारलेले खपत नाही, त्यांना सांभाळणे कसे खपेल?

मांजरीला बोलता येत नाही, म्हणून ती पिल्लू तोंडात धरून घरे पाहत फिरते. आपल्याला बोलता येते. मग विचारायला लाजायचे कशाला?

 घरी सध्या दोन पिल्ले आहेत, एक काळे, एक कबरे. कोणाला हवे असल्यास सांगावे. मी आधी चहाला येईन.