ऑफर लेटरमधला आकडा आणि हातातला पगार

आजचा भाग छोटा आहे, पण नोकरी बदलायच्या विचारात असाल तर शेवटपर्यंत ऐका.

माझा पहिला स्विच. ऑफर ९ लाखांची. मी लगेच बाराने भागलं, महिन्याला ७५ हजार! त्याच जोरावर वाकडला फ्लॅट भाड्याने घेतला. घरी जास्त पैसे पाठवतो, असं आईला सांगूनही टाकलं. पहिला पगार आला साधारण ५४ हजार.

कुणी फसवलं नव्हतं. लेटर मीच नीट वाचलं नव्हतं. त्यातले दीड लाख व्हेरिएबल, म्हणजे वर्षाअखेरीस मिळाले तर मिळाले. बेसिक ३० हजार, त्यावर कंपनीचा १२ टक्के पीएफ, तोही सीटीसीतच धरलेला. ग्रॅच्युइटीही त्यातच. वर माझा स्वतःचा १२ टक्के पीएफ आणि २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स कापला गेला. पीएफ आपलाच असतो हो, पण त्यातून दर महिन्याचं भाडं भरता येत नाही ना!

म्हणून सही करण्याआधी एचआरला सरळ विचारा: फिक्स्ड किती? मागच्या वर्षी व्हेरिएबल किती टक्के दिला? नोटीस पिरियड किती? आणि होणाऱ्या मॅनेजरला विचारा: पहिले सहा महिने मी नेमकं काय काम करणार? उत्तर गोलगोल आलं तर थांबा. कारण पुढच्या इंटरव्ह्यूत त्या कामाबद्दलच विचारणार आहेत.

मला तेव्हा आईला पुन्हा फोन करावा लागला होता. तुमच्यावर ती वेळ नको. भेटू पुढच्या भागात!